पाळणाघराच्या दारावरची बेल

टिंग…

आणि मग, एक अख्खा श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ गेल्यावर, टाँग.

संध्याकाळचे पावणेआठ वाजलेले असतात. हॉलमधल्या सतरंजीवर एकच मुलगी उरलेली असते. बाकीची सगळी केव्हाच आपापल्या घरी गेलेली असतात. घर इतकं गप्प झालेलं असतं की समोरच्या खोपट एसटी डेपोतल्या लाउडस्पीकरवर कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, ते इथे तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येतं. त्या शांततेत जो आवाज होतो ना मित्रांनो, तो माझा. मी एक जुनी बेल आहे. उत्तराकाकूंच्या दारावरची.

हल्लीच्या बेलना चिमण्यांची किलबिल येते, आरत्या येतात. मला दोनच सूर येतात. माझं बटण दाराबाहेर चौकटीला आहे आणि माझी पेटी आत, दाराच्या वर. पेटीत दोन धातूच्या पट्ट्या आणि मध्ये एक छोटी दांडी. कोणी बटण दाबलं की दांडी एका पट्टीवर आपटते, ती माझी टिंग. बोट उचललं की दांडी मागे येऊन दुसऱ्या पट्टीवर आपटते, ती टाँग. या दोहोंच्या मध्ये किती वेळ जाणार, ते बोट ठरवतं. म्हणून मला माणसं चेहऱ्यावरून नाही, बोटांवरून कळतात. कुरियरवाल्याचं बोट घाईत असतं. दूधवाल्याचं थंडगार आणि ओलं. आणि काही बोटं अशी असतात की दाबून तशीच थांबतात, जणू त्यांना आत यायचंही असतं आणि यायचं नसतंही.

मला अण्णांनी आणलं. अण्णा म्हणजे काकूंचे यजमान. घर नवं होतं, भिंतींना रंगाचा वास होता, आणि दारावर काय लावायचं यावर दोघांचं दोन दिवस चाललं होतं. काकूंना साधी कडी पुरे वाटत होती. अण्णा म्हणाले, "अगं, कडीला माणूस आहे की मांजर ते कळत नाही. बेल असावी." झालं, मी आले. त्या दिवसांत मला फार मान होता. पाहुणे मुद्दाम दोनदा वाजवून बघत.

तेव्हा अण्णा आणि काकू दोघंही नोकरीला जात. त्यांचा मुलगा केदार दुसरीत होता. शाळेतून यायचा तो गळ्यात किल्ली घालून. त्याला ठाऊक असायचं, आत कोणी नाही. तरी तो आधी मला वाजवायचा. टिंग-टाँग. जरा वेळ थांबायचा. मग किल्ली काढून दार उघडायचा. रोज. रिकाम्या घरात वाजायला कसं वाटतं, हे मला विचारू नका. आवाज भिंतीवर आपटून माझ्याकडेच परत यायचा. केदारने हे कधी कोणाला सांगितलं नाही, आणि मला सांगता येत नाही.

केदार मोठा झाला, बंगळुरूला गेला. काकू निवृत्त झाल्या. मग दिवसभरात मला वाजवणारं कोणी उरलं नाही. माझ्या पेटीत एका कोळ्याने घर केलं. मला वाटलं, संपलं आता आपलं. पण एके दिवशी काकू अण्णांना म्हणाल्या, "मला दिवसभर असं घर ऐकवत नाही. मी पोरं सांभाळीन म्हणते." अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, "मग आधी त्या बेलमधला कोळी काढावा लागेल."

तर असं पाळणाघर सुरू झालं आणि माझे दिवस पालटले.

मित्रांनो, पाळणाघरात बेलला काय भाव असतो सांगू? पाच वाजले की मी वाजायचा अवकाश, सातच्या सात मुलं जागच्या जागी थिजतात. कोणाच्या हातात लाडू, कोणाच्या हातात रंगखडू. सगळ्यांचे डोळे दाराकडे. दार उघडतं, आणि एकाचा चेहरा फुलतो. सहा जण पुन्हा खाली बसतात. मी एकाला आनंद देते ना, तेव्हा मी सहा जणांना खाली बसवलेलं असतं. हा हिशोब मला कधी जमलेला नाही.

त्यातल्या सर्वेशची आई शाळेत शिकवते. ती सगळ्यांत आधी यायची, दोनदा पटापट वाजवायची. मग एकेक जण. आणि सगळ्यांत शेवटी संचू.

संचिताला सगळे संचू म्हणतात. चार वर्षांची. तिचे बाबा दिपेश एसटीत कंडक्टर. कोकणातल्या मुक्कामी गाड्यांवर ड्युटी लागली की दोन-दोन दिवस घरी नाहीत. आई करिश्मा कल्याणला एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसते. येणाऱ्या पेशंटचं नाव, वय, काय होतंय, सगळं लिहून घेते. साडेसहाला सुटते आणि खोपटला पोहोचेपर्यंत पावणेआठ.

पहिल्या दिवशी संचू फार रडली. काकूंनी तिला कडेवर घेतलं, दाराशी आणलं, वर माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "ती बघ बेल. ती वाजली ना की आई येते हं." संचूने माझ्याकडे बघितलं आणि रडं थांबवलं. काकूंना हायसं वाटलं. खरं सांगू, मलाही वाटलं. इतक्या विश्वासाने माझ्याकडे त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. मग ते वाक्य रोजचंच झालं. जेवत नाही? बेल वाजली की आई येते. झोपत नाही? बेल वाजली की आई येते.

सकाळी करिश्मा तिला उचलून धरायची आणि बटण तिला दाबू द्यायची. चिमुकलं बोट, बोरोलीनचा वास. आणि संध्याकाळी करिश्मा स्वतः दाबायची. पण त्याआधी ती काय करायची, हे फक्त मला माहीत आहे. दाराबाहेर येऊन ती आधी थांबायची. केसांची क्लिप काढून परत लावायची. ओढणीने तोंड पुसायची. मग एकदा हसून बघायची, उगाच, कोणी समोर नसताना. नीट जमलं नाही तर परत. आणि मग बटणावर बोट ठेवायची ते तसंच दाबून धरायची, कपाळ चौकटीला टेकवून. ती टिंग आणि टाँगच्या मधली जागा म्हणजे तिचा दिवसभरातला एकटीचा वेळ. आत संचूला ती जागा ओळखीची झाली होती. टिंग झाली की ती उभी राहायची, आणि टाँग होईपर्यंत श्वास घ्यायची नाही.

"सॉरी हं काकू, आज पण उशीर झाला. वेळेत निघालेले, पण…"

"अगं असू दे. जेवली आहे ती. म्हणजे, अर्धी जेवली. अर्धा लाडू तुला ठेवलाय म्हणते."

तो अर्धा लाडू संचूच्या मुठीत असायचा. घामाने पार चिकट झालेला. करिश्मा तो तिथेच, चप्पल घालता घालता खायची.

पण हळूहळू मला एक गोष्ट दिसू लागली. आधी मी वाजले की संचू पहिली उठायची. मग ती उठेना. पाच वाजता मी वाजले, साडेपाचला वाजले, सहाला वाजले, ती मान खाली घालून रंगवतच राहायची. काकू अण्णांना म्हणाल्या, "किती शहाणी झाली बघा. रडत नाही, काही नाही." अण्णा एवढंच म्हणाले, "उत्तरा, चार वर्षांच्या पोरीने इतकं शहाणं असू नये."

आता त्या मंगळवारचं सांगते.

त्या दिवशी करिश्मा अर्धा दिवस काम करून येणार होती. दिपेशलाही दुपारनंतर सुट्टी होती. दुपारची जेवणं झाली की तिघांनी तलावपाळीला जायचं आणि बोटीत बसायचं, असं ठरलं होतं. संचू सकाळी आली तीच निळा फ्रॉक घालून. आल्यावर चपला काढायला तयार होईना.

"घरात चपला घालतात का गं?" काकू म्हणाल्या.

"मला लगेच जायचंय," संचू म्हणाली.

बारा वाजता फोन वाजला. मी दाराशी, फोन टेबलावर, मला काकूंचं बोलणं ऐकू येत होतं आणि पलीकडचं करिश्माचंही, कारण काकू फोन लांब धरून बोलतात.

"काकू, मला नाही जमणार हो. दुसरी मुलगी आलीच नाही आज. खिडकीवर मी एकटी आहे. आणि यांना पण ऐन वेळी ड्युटीवर बोलावलं, गुहागरच्या गाडीवर."

"अगं पण ती सकाळपासून चपला घालून बसलीय."

पलीकडे खिडकीवरचा गलका ऐकू येत होता. मग करिश्मा म्हणाली, "तिला काहीतरी सांगा ना काकू. तिला नका देऊ फोन. मला इथे रडायला येईल, आणि समोर एवढी लाइन आहे."

काकूंनी फोन ठेवला. त्या वाईट नाहीत मित्रांनो. त्यांच्याइतक्या मायेने पोरांना भरवणारं मी कोणी पाहिलं नाही. पण मोठी माणसं मुलांच्या रडण्याला फार भितात. त्या संचूजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आई येणार हं. बेल वाजली की आई आलीच."

"कधी वाजणार?"

"तू झोपून उठलीस ना, की वाजेल."

संचूने चपला काढल्या, त्या उशीजवळ ठेवल्या आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

पाळणाघराची एक रीत आहे. एक वाजला की अण्णा माझा स्विच बंद करतात. सामान विकणारे येतात, बिल्डिंगमधली मोठी पोरं बेल दाबून पळून जातात, आणि एक मूल उठलं की सातही उठतात. म्हणून एक ते चार मी मुकी. मलाही सवय झाली होती. मला ती माझी वामकुक्षीच वाटायची.

तीनच्या सुमाराला काकूंचा डोळा लागला. अण्णा आतल्या खोलीत होते. मला सतरंजीवर हालचाल जाणवली. संचू उठली होती. तिने चपला घातल्या, उजवीची डाव्या पायात. मग मोरीजवळचं प्लास्टिकचं स्टूल उचललं, आवाज न करता आणून दाराशी ठेवलं, वर चढली आणि लॅच फिरवलं. दार उघडलं. स्टूल घेऊन ती बाहेर गेली. मागे दार आपोआप लागलं. खट्.

आणि मग माझ्या बटणावर ते बोट आलं.

टक्.

नुसता बटणाचा आवाज. माझ्या अंगात वीजच नव्हती. तिने पुन्हा दाबलं. टक्. मग जोरात. मग दोन्ही अंगठ्यांनी. मग आईसारखं, दाबून धरून, कपाळ चौकटीला टेकवून. ते ती कुठून शिकली? तिने आईला तसं करताना कधी पाहिलंच नव्हतं. माझी दांडी केसभरही हलली नाही. दाराच्या आत काकू झोपल्या होत्या, चार हातांवर. बाहेर ती होती. दोन्हीकडे मीच होते, आणि माझ्याने एक टिंग होत नव्हती.

शेवटी तिने तोंड माझ्या बटणाजवळ आणलं आणि हळूच म्हणाली, "आई, मी उठले झोपून."

थोडा वेळ ती थांबली. मग मला स्टूल जिन्यावरून खाली नेल्याचा आवाज आला. ठक. ठक. ठक. खालच्या मजल्यावर एक बेल वाजली, चिमण्यांची. मग दुसरी, आरतीची. कोणी दार उघडलं नाही. दुपारी आमच्या बिल्डिंगमधली बहुतेक घरं कुलपात असतात. सगळी माणसं कामावर. मग आणखी खालून एक बेल. मग काहीच नाही.

चार वाजता अण्णांनी माझा स्विच चालू केला. काकू उठल्या, दूध तापवलं, मुलं मोजली. सहा. पुन्हा मोजली.

पुढचा अर्धा तास मला आजही नको वाटतो. काकू पलंगाखाली बघत होत्या, कपाटात बघत होत्या, आणि ओरडत होत्या. "अहो, स्टूल कुठाय? दार कोणी उघडलं? अहो, बेल तर वाजली नाही!"

"बेल मी बंद केली होती, उत्तरा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "ती बापाला शोधत डेपोत तर गेली नसेल?" आणि ते तसेच बनियनवर धावले. मध्ये तो रस्ता, ती रिक्षांची गर्दी. थोड्या वेळाने लाउडस्पीकर बोलू लागला. गुहागर नाही, चिपळूण नाही. "संचिता नावाची चार वर्षांची मुलगी, अंगात निळा फ्रॉक, कोणाला दिसल्यास…" तो आवाज तिसऱ्या मजल्यावर आला आणि काकू जिन्याकडे धावल्या.

आणि तेवढ्यात जिन्यातून गंगुबाईंची हाक आली. गंगुबाई जिने झाडतात.

"अवो काकू! पोर हितंय, हितंच हाय! पैल्या मजल्यावर, चपलांच्या कपाटामागं. स्टूल कवटाळून झोपलीय बघा!"

गंगुबाई तिला जागी करून, खांद्यावर टाकून वर घेऊन आल्या. जिना चढता चढता काकूंना म्हणाल्या, "रडूबिडू नका आता, भ्याल ती. समद्या घरांच्या बेली वाजवून बसली बिचारी. येकबी दार उघडलं न्हाई म्हनं." काकूंनी तिला घट्ट धरलं आणि सांगितलं तरी त्या रडल्याच.

त्या दिवसापासून अण्णा मला दुपारी बंद करत नाहीत. एक ते चार ते माझ्या दोन्ही पट्ट्यांवर कापूस लावून ठेवतात. आता दुपारी मी वाजते ती खोकल्यासारखी वाजते, पण वाजते. केदारला कळलं तेव्हा त्याने बंगळुरूहून कॅमेऱ्याची बेल पाठवली. बाहेर कोण आहे ते तिच्यात दिसतं. पुढच्या आठवड्यात वायरमन येणार आहे. मग माझी जागा बहुतेक माळ्यावर.

माझं काही म्हणणं नाही. माझं वय झालं. पण जाण्याआधी थोडं मागते, नाही म्हणू नका. मित्रांनो, तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना माझा निरोप सांगा. आमच्या नावाने मुलांना काही सांगत जाऊ नका. उशीर होणार असेल तर उशीर होणार आहे असं सांगा. येता येणार नसेल तर नाही येणार म्हणा. मूल रडेल. रडू द्या, जवळ बसा. रडणारं मूल निदान तुमच्या समोर तरी असतं. आणि तुम्हालाही एक सांगते. तुमची आई दार उघडल्यावर जशी दिसते, तशी ती दाराबाहेर नसते. तिला आत यायला जरा वेळ लागला तर रागावू नका. ती तिथेच असते, तुमच्यासाठी चेहरा नीट करत.

आता त्या दिवसाचं शेवटचं सांगते, कारण तेच माझ्या पट्ट्यांवर अजून आपटतंय.

साडेपाचला करिश्मा आली. काकूंनी फोन केला तशी खिडकी दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात टाकून निघाली होती. आमचं दार सताड उघडं होतं. तिने क्लिप नीट केली नाही, तोंड पुसलं नाही. आत आली आणि चपलांसकट सतरंजीवर बसली. काकू काही बोलू लागल्या तर तिने हात जोडले. "नका काकू. मीच सांगितलं होतं ना, काहीतरी सांगा म्हणून."

संचू तिच्या मांडीत येऊन बसली. रडली नाही. आईच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटंसुलटं करत राहिली.

"तू बेल नाही वाजवलीस," ती म्हणाली.

"दार उघडंच होतं ना राणी."

"मी वाजवली. सगळ्यांची वाजवली. कोणाचीच आई नव्हती."

करिश्माने तिच्या केसांवर ओठ ठेवले.

"तुला नाही आली ऐकू?"

"मी कल्याणला होते ना पिल्लू. ते लांब आहे."

"तिथे काय करत होतीस?"

"काम. ती दुसरी ताई आली नव्हती. मग मला थांबावं लागलं."

"कोणासाठी?"

"जे लोक येतात ना, त्यांच्यासाठी. कोणाचं पोट दुखतं, कोणाचा पाय दुखतो. मी विचारते काय होतंय, आणि लिहून घेते."

"ज्यांना दुखतं त्यांच्यासाठी तू थांबतेस?"

"हो."

ओळखपत्र सोडून संचूने आईचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला.

"आई, मग मला काय दुखायला पाहिजे?"